पलटण पुण्याची, मॅच मात्र विशाखापट्टणमला

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, सविनय नमस्कार.

मी भोसरीचा. एका कारखान्यात ३१ वर्षं टर्नर होतो. नोकरी लागली तीच कबड्डीमुळे, कारण तेव्हा कंपन्यांना आपापले संघ हवे असायचे आणि मी बरा कोपरारक्षक होतो. आता रिटायर आहे. उजवा गुडघा कामातून गेलाय. रोज संध्याकाळी साडेपाचला देवळामागच्या मोकळ्या जागेत २०-२२ पोरापोरींना खेळायला शिकवतो. फी घेत नाही. हे मोठेपणासाठी सांगत नाही, पत्र कोण लिहितंय ते तुम्हाला कळावं म्हणून सांगतोय. मंत्र्याला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. काही चुकलंमाकलं तर माफी असावी.

परवा, म्हणजे ३१ ऑक्टोबर २०२५ ला, प्रो कबड्डीची फायनल झाली. पुणेरी पलटण विरुद्ध दबंग दिल्ली. आपण ३१-२८ असे तीन गुणांनी हरलो. हरण्याचं दुःख नाही, खेळात हरजीत असतेच. पण फायनल कुठे होती? दिल्लीत. दिल्लीच्या संघाला दिल्लीचं घर, दिल्लीची माणसं, दिल्लीचा आरडाओरडा. आणि आम्ही? आम्ही मंडळाच्या खोलीत, एका कोपऱ्यात हिरवी रेघ आलेल्या टीव्हीसमोर, सतरंजीवर. शेवटच्या चढाईला कुणाच्या तरी मोबाइलवर निकाल आधीच आला आणि तो ओरडला, "गेली!" टीव्हीवर आपला गडी तेव्हा अजून मध्यरेषेवर होता.

तुम्ही म्हणाल, फायनल कुठेतरी व्हायलाच हवी. बरोबर आहे. मग साखळीचं सांगा. या सीझनला प्रत्येक संघाचे १८ साखळी सामने होते. पुणेरी पलटणचे १८, यू मुंबाचे १८. त्यातले पुण्यात किती? शून्य. मुंबईत किती? शून्य. विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली, संपली यादी. महाराष्ट्राच्या नावाचे दोन संघ आणि महाराष्ट्रात एकही मॅच नाही. ज्या मातीत हा खेळ वाढला तिथे त्याला पाय टेकायला जागा मिळाली नाही. आणि दर १५ जुलैला कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या फोटोला हार घालून आपण कबड्डी दिन साजरा करणार, त्या कार्यक्रमाला तुमच्यापैकी कुणीतरी येणार आणि 'मातीतला खेळ मॅटवर गेला, सातासमुद्रापार गेला' असं भाषण करणार. सातासमुद्रापार गेला हो साहेब. पुण्यातल्या बालेवाडीच्या संकुलात तेवढा येईना.

आधी असं नव्हतं. २०१४ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा आठ संघ होते आणि आठही शहरांत सामने फिरत यायचे. प्रत्येक शहरात चार दिवस. वरळीच्या डोममध्ये यू मुंबा खेळायची तेव्हा लालबाग-परळची माणसं कामावरून थेट यायची. मीसुद्धा एकदा भोसरीहून गेलो होतो. मग कोरोना आला, सगळं बंगळुरूच्या एका हॉलमध्ये भरलं. ते समजू शकतो. पण त्या एका वर्षात टीव्हीवाल्यांना कळलं की गावोगाव फिरायची गरजच नाही. कॅमेरे, दिवे, मॅट, समालोचकांची खोली, सगळं एकदा मांडायचं आणि महिनाभर तिथेच चालवायचं. २०२३-२४ ला एकदाच पुन्हा बारा शहरांत सामने फिरवले. त्याच वर्षी कर्णधार अस्लम इनामदारच्या पलटणने कप आणला, नगर जिल्ह्यातलं पोर आहे ते. पुढच्या वर्षी तीन शहरं, यंदा चार. घरात कप आला आणि दोन वर्षांत घरच गेलं.

पैशाचं बघा. पेपरात वाचलं होतं की २०२१ ते २०२५ या पाच सीझनचे प्रक्षेपणाचे हक्क ९०८ कोटींना गेले. भागाकार करा, एका सीझनला १८१ कोटींच्या वर. आणि ते घेतले कुणी? स्टारने. आणि लीग चालवणाऱ्या कंपनीत ७४ टक्के वाटा कुणाचा? स्टारचाच. म्हणजे घरचीच भाजी घरच्याच तराजूत. मी टर्नर माणूस, माझ्या हिशोबात चूक असेल तर तुमच्या खात्याने दुरुस्त करावी. पण ज्याला १८१ कोटी टीव्हीतून येतात, त्याला माझ्या अडीचशे-तीनशेच्या तिकिटाचं काय पडलंय? त्याला हॉलमध्ये माणूस लागतो तो फक्त मागे दिसायला.

हे मी हवेत बोलत नाही. गेल्या डिसेंबरात मी स्वतः ते पाहिलंय. तेव्हा निदान बालेवाडीला सामने होते. मी १४ पोरं घेऊन गेलो. पाच मुली, नऊ मुलं, सगळ्यात लहान चौथीतला. पहिली मॅच ८ ला, आपली दुसरी, ९ ला. टीव्हीच्या वेळा आहेत ह्या, जेवण झाल्यावर सोफ्यावर बसायच्या. आम्ही समोरच्या बाजूला जागा धरून बसलो होतो. एक टी-शर्टवाला आला, गळ्यात ओळखपत्र, म्हणाला, "काका, पोरांना पलीकडे न्या, तिकडची बाजू कॅमेऱ्यात मोकळी दिसतेय." नेलं. तिथून अर्धं मॅट एका जाहिरातीच्या फळीमागे जात होतं. पोरांच्या हातात कागदी फलक दिले आणि सांगितलं, दिवा लागला की हलवा. माझी पोरं चढाई बघायची सोडून दिव्याकडे बघत होती. मी त्यांना महिनाभर सांगत होतो की चढाई करणाऱ्याच्या पायांकडे बघा, तो बोनसला कसा वाकतो ते बघा.

मॅच संपेपर्यंत १० वाजून गेले. बाहेर आलो तर शहराकडची बस गेलेली. बालेवाडी ते भोसरी, साहेब, तुमच्या गाडीला पाऊण तास. आम्हाला त्या रात्री अडीच तास लागले. दोन रिक्षावाले जास्त पैसे मागत होते, तिसरा म्हणाला १४ जणांना नेलं तर पोलीस धरतात. चौथीतला पोरगा क्रीडा संकुलाच्या भिंतीला टेकून झोपला. थंडी मी म्हणत होती. शेवटी एका पोरीच्या मामाने टेम्पो आणला. साडेबाराला घरी पोचलो. गल्लीत आया उभ्या होत्या. एका आईने मला काही विचारलं नाही, फक्त पोरीचा हात धरून आत नेलं. दुसऱ्या दिवशी त्या पोरीची चाचणी होती. त्यानंतर ती खेळायला आली नाही. सहावीत होती, पकडीला हात लोखंडासारखा. घोट्याची पकड मी तिला शिकवली नव्हती, तिची तिनेच बसवली होती. तिचे वडील चाकणला शिफ्टला असतात. मी दोनदा घरी गेलो, चहा झाला. "बघू" म्हणाले.

हे 'बघू' कुणामुळे? त्या आईमुळे? रात्रीच्या वेळेमुळे? कॅमेऱ्यामुळे? मला विचाराल तर ९ च्या मॅचमुळे. टीव्हीला ९ ला पाहिजे म्हणून पोरं १० ला सुटतात, १० ला बस नाही म्हणून पोरं येत नाहीत, पोरं येत नाहीत म्हणून खुर्च्या रिकाम्या, आणि खुर्च्या रिकाम्या म्हणून लीगवाले म्हणणार की पुण्यात काही रिस्पॉन्स नाही बुवा, चला चेन्नईला!

माझा भाचा ऑस्ट्रेलियात पॅरामॅटाला असतो. तिकडे रग्बी लीग म्हणून खेळ आहे, आपल्या कबड्डीसारखाच अंगावर घ्यायचा. तो सांगतो की तिथेही टीव्हीच्या करारांनी वेळापत्रकाची वाट लावली आहे. गुरुवारी रात्री मॅच, शुक्रवारी संध्याकाळी सहाला मॅच. सहाला कोण पोचणार, माणसं ऑफिसातून निघालेली असतात! तिथले लोकही वैतागतात. पण तो पुढे काय म्हणाला ते ऐका. "मामा, वेळ वाईट असली तरी मॅच आमच्याच गावात असते." पॅरामॅटाचा संघ पॅरामॅटालाच खेळतो, ३०,००० खुर्च्यांचं नवं मैदान बांधलंय २०१९ ला. मी गप्प बसलो. त्याला काय सांगू, की आमची तक्रार वेळेपर्यंत पोचतच नाही, आमच्याकडे गावच नाही?

आता एका आश्वासनाचं सांगतो. जानेवारीत आमच्याकडे स्पर्धा झाली. बक्षीस द्यायला एक लोकप्रतिनिधी आले होते. सत्तेतले की विरोधातले ते लिहीत नाही, आता त्यांचंही नक्की सांगता येत नाही. मी बालेवाडीची हकिगत सांगितली तर माइक घेऊन म्हणाले, "पुढच्या सीझनला या भागातली ५०० पोरं माझ्यातर्फे मॅच बघणार. बस माझी, तिकीट माझं, वडापाव माझा." टाळ्या. हलगी वाजली. मी दुसऱ्या दिवशी १४ जणांची यादी शाळेच्या नावांसह त्यांच्या पीएकडे दिली. वेळापत्रक आलं तेव्हा फोन केला. पीए म्हणाला, "काका, मॅच पुण्यात नाहीतच, साहेब काय करणार?" मी म्हटलं, मग विशाखापट्टणमला न्या. तो हसला. मी पण हसलो. रागाने माणूस हसतो कधी कधी.

तुमच्याकडे काय मागतोय? फार नाही. बालेवाडीचं संकुल सरकारचं आहे, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी आपल्या पैशातून उभं राहिलं. ते लीगला नाममात्र भाड्यात द्या, पण अट घाला: महाराष्ट्राच्या दोन्ही संघांचे निदान सहा-सहा सामने महाराष्ट्रात, शनिवार-रविवारी पहिली चढाई सहाला, आणि मॅच सुटल्यावर बस उभी. नवे करार होतील तेव्हा कुणीतरी मंत्रालयातून एक पत्र लिहा. एक! दहीहंडीच्या थरांवर शासन निर्णय निघतात, यावर निघू नये?

तुम्ही म्हणाल, खाजगी लीग आहे, सरकार काय करणार. मग खाजगी लीगच्या विजेत्यांना पेढे भरवायला मंत्री कसे काय पोचतात? त्या फोटोला सरकार आणि बसला खाजगी? आणि लीगचं सोडा, जे सरकारचंच आहे त्याचं काय चाललंय? शाळांत खेळाचे मास्तर नाहीत, आहेत ते निवडणुकीच्या याद्या तपासतात. मैदानं होती तिथे पे अँड पार्किंग. खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणात बोगस प्रमाणपत्रं घेऊन लोक सरकारी खुर्च्यांवर बसले, आणि खरा खेळलेला पोरगा डिलिव्हरीची पिशवी पाठीवर घेऊन वाकडला फिरतोय. माझाच चेला आहे तो, राज्य स्पर्धा खेळलेला. परवा फायनलच्या वेळी ऑर्डर घेऊन जात होता, मधेच आमच्या दारात गाडी लावून पाच मिनिटं उभ्यानेच मॅच बघितली आणि गेला. सगळे गडी बाद होऊन आमच्यावर कधीच लोण चढलाय साहेब, फक्त पंचांनी शिट्टी वाजवलेली नाही.

मला राग आला की मी जास्त लिहितो, बायको म्हणते. तिला हे पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, गुडघ्याचं एवढं कशाला लिहिलं? ठेवलंय तरी.

१४ नावांची यादी सोबत पुन्हा जोडली आहे. ३ आणि ९ नंबर खोडले आहेत. ९ नंबरची ती सहावीतली, आता सातवीत गेली. ३ नंबरचा पोरगा क्रिकेटला जातो, त्याला मी काही बोललो नाही. बाकी १२ जण रोज साडेपाचला असतात. कधी आलात तर देवळामागे विचारा, कुणीही सांगेल. अंधार लवकर पडतो हल्ली, साडेसहाच्या आत या.

आपला,
भोसरीचा एक जुना कोपरारक्षक