‘मृत मेंदूपेशी पुन्हा जिवंत’ या जाहिरातीबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या अंकात आतल्या पानावर गेले काही आठवडे पाव पानाची एक जाहिरात येते आहे. लकवा, कंपवात, डोक्याला बसलेला मार, विसरभोळेपणा, मुलांची मंद वाढ, सगळ्यावर एकच औषध. लाल अक्षरांत ‘मृत मेंदूपेशी पुन्हा जिवंत’, खाली विजा सोडणाऱ्या मेंदूचं चित्र आणि तळाला मोबाईल नंबर. औषधाचं नाव मी लिहीत नाही. फुकटात आणखी एक जाहिरात कशाला? त्याच अंकात आपलं आरोग्याचं सदरही असतं आणि ते चांगलं असतं. पण लोक कात्रण काढून ठेवतात ते जाहिरातीचं.

मी फार्मासिस्ट आहे. सोलापुरात पूर्व भागात माझं औषधाचं दुकान आहे. आजूबाजूला यंत्रमागाचे कारखाने, टॉवेल-चादरींचं काम, घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका. पाळी सुटली की काउंटरवर मराठी आणि तेलुगू एकाच वेळी सुरू होतं. परवा अशाच गर्दीत एक बाई ते कात्रण घेऊन आल्या. घडीवर घडी घातलेलं, तंबाखूचा वास लागलेलं. त्यांचे यजमान एका कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. लकव्यानं उजवी बाजू गेली आहे, बोलणं जड झालं आहे.

“मॅडम, हे हाय का तुमच्याकडं? फोन केला तर साडेतीन हजार म्हणतेत. आधी पैसे टाका म्हणतेत.”

मी म्हटलं, असं औषध नसतं. त्या म्हणाल्या, “पेपरात आलंय की हो.”

या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. फेरीवाल्यानं सांगितलं असतं तर त्यांनी दहादा विचार केला असता. आपल्या नावाखाली छापून आलं म्हणून विचारायची गरज वाटली नाही.

मग मी विचारलं, दवाखान्यात किती वाजता नेलं होतं? सकाळी कामावरच तोंड वाकडं झालं, हातातला पाना गळून पडला. मे महिना, सोलापूरचं ऊन. सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं. घरी आणून झोपवलं, कांदा फोडून चोळला, ताक पाजलं. संध्याकाळी उठून बसता येईना तेव्हा रिक्षा बोलावली. यात त्यांचा दोष काढायला माझी जीभ रेटत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात माणूस पडला की ऊन हेच पहिलं मनात येतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण मेंदूच्या बाबतीत जे करता येण्यासारखं होतं, ते त्याच दुपारी होतं.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढच्या पेशींचा ऑक्सिजन आणि साखर तुटते. पेशीच्या आवरणावर सोडियम-पोटॅशियमचा तोल सांभाळणारे पंप असतात, ते काही मिनिटांत बंद पडतात. मग पेशी आपल्याजवळचं ग्लुटामेट बाहेर सांडते. ग्लुटामेट म्हणजे विष नव्हे. एका पेशीचा निरोप दुसरीला देणारं मेंदूतलं सर्वांत नेहमीचं रसायन ते हेच. आपण काही शिकतो, लक्षात ठेवतो ते त्याच्याच जोरावर. पण एरवी थेंबाथेंबानं सुटणारं हे रसायन आता पुरासारखं येतं. शेजारच्या पेशीवरची एनएमडीए नावाची दारं उघडी पडतात, त्यातून कॅल्शियम आत घुसतं, आणि पेशीतलेच पाचक पदार्थ तिला आतून खायला लागतात. ती फुटली की तिचंही ग्लुटामेट पुढच्या पेशीवर. आमच्या भागात सांगायचं तर चांगल्या मागावर ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, कापड बिघडत नाही. मेंदूत अशी सोय नाही. तुटलेला धागा शेजारच्यांना ओढत नेतो. मोठी रक्तवाहिनी तुंबली तर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी जातात, असा हिशेब २००६ साली अमेरिकेतल्या एका मेंदूतज्ज्ञानं मांडला होता.

मात्र सगळ्या पेशी एकदम मरत नाहीत. मधला भाग लगेच जातो, पण त्याच्या कडेचा पट्टा काही तास गप्प पडून राहतो. काम बंद, जीव चालू. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वाचवतं ते या पट्ट्याला. ते पहिल्या तीन तासांत दिलं तर फायदा होतो हे १९९५ साली सिद्ध झालं, आणि २००८च्या चाचणीनं ती मर्यादा साडेचार तासांवर नेली. निवडक रुग्णांत त्यानंतरही गुठळी तारेनं ओढून काढता येते, पण ते स्कॅन पाहून डॉक्टर ठरवतात. त्या जॉबरांचे साडेचार तास खाटेवर कांदा चोळण्यात गेले.

आता कोणी म्हणेल, ग्लुटामेटची दारंच बंद करणारं औषध काढा की. शास्त्रज्ञांना हे सुचलं नसेल का? जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये ग्लुटामेटच्या अतिरेकानं पेशी मरतात हे दाखवल्यापासून लोक याच्या मागे आहेत. उंदरांत छान जमलं. माणसांत सेल्फोटेल नावाचं औषध दिलं, तेव्हा चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसू लागले. २००६ साली कोणीतरी चिकाटीनं मोजलं: लकव्यात पेशी वाचवण्यासाठी तोवर १०२६ उपाय प्रयोगशाळेत तपासले गेले होते आणि त्यांतले ११४ माणसांपर्यंत पोचले होते. पेशींना थेट वाचवणारं खात्रीचं औषध त्यातून हाती लागलं नाही. एक अडचण अशी की पूर ओसरल्यावर तेच ग्लुटामेट वाचलेल्या पेशींना ‘जगा’ असा निरोप देत असतं. तो निरोप तोडला की त्याही जातात. ओल्नींच्याच गटानं पुढे नवजात उंदरांत ही दारं काही तास बंद ठेवून पाहिली, तर वाढत्या मेंदूतल्या पेशी आपणहून मरायला लागल्या. घडवणारा आणि मारणारा निरोप एकच, फरक वेळेचा आणि मात्रेचा. जगभरच्या प्रयोगशाळांना पन्नासहून जास्त वर्षांत जे साधलं नाही, ते या मोबाईल नंबरवाल्याला साडेतीन हजारांत साधलं म्हणे!

जाहिरातीत ‘नसा वाढवणारे घटक’ असेही शब्द आहेत. असा घटक खरोखरच आहे. इटलीच्या रिटा लेव्ही-मोंटालचिनी यांना मुसोलिनीच्या १९३८च्या वंशभेदी कायद्यांमुळे विद्यापीठातून बाहेर पडावं लागलं, तेव्हा या बाईंनी घरच्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या नसा तपासत बसल्या. युद्धानंतर अमेरिकेत जाऊन त्यांनी नसांच्या पेशींना जगवणारं आणि वाढवणारं प्रथिन शोधलं, आणि १९८६ साली स्टॅनली कोहेन यांच्यासह नोबेल मिळवलं. गर्भात गरजेपेक्षा जास्त पेशी तयार होतात. ज्यांना या प्रथिनाचा निरोप पोचतो त्या राहतात, बाकीच्या गुपचूप आवरून जातात. पण हे प्रथिन बाटलीतून पाजलं तर पोटातच पचून जातं, आणि सुईनं रक्तात सोडलं तरी रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत ते सहजी ओलांडत नाही. स्वीडनमध्ये १९९०च्या दशकात ते अल्झायमरच्या तीन रुग्णांच्या थेट मेंदूत नळीनं सोडून पाहिलं. पाठदुखी सुरू झाली, वजन घटलं, शेवटी थांबवावं लागलं.

मी आयुर्वेदाच्या विरोधात आहे असा समज कृपया करून घेऊ नका. बांधावरच्या खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असतं. कंपवातात डोपामिन हे हालचालींना लागणारं रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी कमी होत जातात. डोपामिन ती भिंत ओलांडत नाही, लेव्होडोपा ओलांडतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. म्हणूनच ती पूड गुणकारी आहे, आणि म्हणूनच ती जपून घ्यायची वस्तू आहे. माझ्याकडे एक आजोबा डॉक्टरांच्या लेव्होडोपाच्या गोळ्या घेत होते आणि वर कोणी सांगितलं म्हणून कपिकच्छू चूर्णही, म्हणजे खाजकुयलीचीच पूड. हातपाय आपोआप वळवळायला लागले, घरचे म्हणाले रोग वाढला. रोग नव्हे, मात्रा वाढली होती. आणि गोळी घ्या की पूड, गेलेली पेशी त्यानं परत येत नाही, फक्त तिचं काम काही काळ भागतं.

‘मृत पेशी जिवंत’ याबद्दल तर काय बोलावं? १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला आणि तो सगळ्यांच्या शरीरात गेला. त्याच्या खुणेवरून स्टॉकहोमच्या शास्त्रज्ञांनी पेशींची वयं काढली: मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या निरोप नेणाऱ्या पेशी माणसाइतक्याच जुन्या निघाल्या. आठवणींशी संबंध असलेल्या एका छोट्या भागात मोठेपणीही नव्या पेशी होतात की नाही, यावर मोठ्या शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. लकव्यानंतर माणूस सुधारतो तो बहुतेक करून उरलेल्या पेशींनी नव्या जोडण्या केल्यामुळे, आणि त्या जोडण्या रोजच्या व्यायामानं होतात. त्या बाईंना मी तेच सांगितलं. साडेतीन हजार फिजिओथेरपीवाल्याला द्या. तोही परवडत नसेल तर सिव्हिलमध्ये विचारा, आणि त्यानं शिकवलेलं घरी रोज करून घ्या.

हे सांगताना माझ्या कपाटातल्या बाटल्याही मला दिसतात. लकवा आणि डोक्याच्या मारानंतर सिटिकोलिन नावाचं औषध सर्रास लिहिलं जातं. २०१२ साली त्याच्या दोन मोठ्या चाचण्या छापून आल्या, लकव्याच्या २२९८ रुग्णांवर एक आणि डोक्याला मार लागलेल्या १२१३ रुग्णांवर दुसरी. दोन्हींत हे औषध आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ मात्रा यांत फरक दिसला नाही. डॉक्टरांनी लिहिलं तर मी देते, तो त्यांचा अधिकार. पण पैसे अपुरे पडत असतील तर गिऱ्हाइकाला सांगते की प्रेशरची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी आधी घ्या, आणि बाकीच्यांचं डॉक्टरांना विचारून या. एका होलसेलरला हे आवडत नाही. असो.

आणि ज्या गोळीनं मेंदूची घडण खरोखर सावरते, ती मागायला कोणी येत नाही. गर्भाचा मेंदू आणि पाठीचा कणा जिच्यातून बनतो ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८व्या दिवसापर्यंत मिटते. तोवर बाईला पाळी चुकली हेसुद्धा धड लक्षात आलेलं नसतं. ती नळी नीट मिटायला फॉलिक ॲसिड लागतं. आधीच्या बाळात असा दोष असलेल्या आयांवर इंग्लंडच्या पुढाकारानं झालेल्या चाचणीत या गोळीनं तो पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्के कमी केला. हे १९९१ सालचं. आमच्याकडे पहिली सोनोग्राफी झाल्यावर चिठ्ठी येते, तोवर नळीचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. गोळी लग्नानंतर मूल हवं असं ठरवतानाच सुरू करायला हवी. सर्वसाधारण बाईला दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम पुरतात आणि खर्च चहापेक्षा कमी येतो. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या तरुण मुलींनी तर आधी डॉक्टरांना भेटलंच पाहिजे, कारण त्या औषधानं याच नळीचे दोष वाढतात; मात्र गोळी मनानं बंद करू नये. ही माहिती पाव पानात आरामात बसेल.

शेवटी कायद्याचं. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. पक्षाघात, मेंदूचे विकार, फिट्स हे रोग त्याच्या यादीत आहेत. त्यांवर औषधाची अशी जाहिरात करणं गुन्हा आहे, आणि ती प्रसिद्ध करण्यात भाग घेणंही. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आपला जाहिरात विभाग वेगळा बसतो, हे मला समजतं. वाचणाऱ्याला ते समजत नाही, त्याच्या दृष्टीनं सगळा पेपर एकच.

माझी मागणी एवढीच आहे की ही जाहिरात बंद करावी. ती जागा भरायची अडचण असेल तर खालचा मजकूर छापावा, निदान ऊन उतरेपर्यंत दर रविवारी. मी तो कापून काउंटरच्या काचेवर चिकटवेन.

‘तोंड एका बाजूला वाकडं, एक हात वर ठरत नाही, बोलणं अडखळतं – यांतलं एकही अचानक झालं तर ऊन लागलं असं समजून झोपवू नका. किती वाजता सुरू झालं ते घड्याळात पाहा. तोंडानं काही पाजू नका. १०८ला फोन करा आणि स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्या.’

आपली,
एक औषध विक्रेती, पूर्व भाग, सोलापूर
(नाव व पत्ता कळविला आहे; कृपया प्रसिद्ध करू नये.)