सुमोचे रिंगण आमच्या गावात आखून देणाऱ्या मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सादर प्रणाम.

मुली राष्ट्रीय निवड चाचणीहून परत आल्यानंतर गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, आपला सत्कार करावा, असे ग्रामपंचायतीने ठरवले होते. आपण शाल-श्रीफळाला नकार दिलात आणि आपले नाव कुठेही छापू नये, असेही निक्षून सांगितलेत. आपल्या दोन्ही इच्छांचा मान राखून हे पत्र नावाशिवाय लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे, की आपण मुलींसाठी पैसा उभा केला किंवा वरपर्यंत शिफारस लावली, असा समज पंचक्रोशीत पसरला आहे आणि त्यामुळे मुलींच्या कष्टांवर व आपल्या कामावर, दोन्हींवर अन्याय होतो आहे. जो खेळ आम्ही मोबाईलच्या पडद्यावर आणि तोही थट्टेने पाहिला होता, त्याचा एकेक नियम आपण आम्हा आईबापांना, आजी-आजोबांना आणि मुलींना समजेपर्यंत समजावून सांगितलात, ही आपली खरी मदत आहे आणि तिची नोंद कुठेतरी राहिली पाहिजे.

मी अंगणवाडी सेविका आहे. लेकरांची वजने घेणे, ती नोंदवहीत चढवणे आणि कमी भरलेल्या लेकराच्या घरी जाऊन विचारपूस करणे, यात माझी निम्मी नोकरी गेली. माझी मोठी मुलगी कुस्ती सोडून सुमोकडे वळणार, हे कळताच सासूबाईंनी तुपाची बरणी काढली आणि शेजारणींनी, आता हिला दुप्पट खाऊ घाला, असा सल्ला दिला, तेव्हा मला सर्वांत जास्त धास्ती त्या वजनाचीच वाटली. आपण त्याच आठवड्यात आमच्या ओसरीवर बसून सांगितलेत, की टीव्हीवर दिसतो तो जपानचा व्यावसायिक सुमो, तिथे वजनगट नसतात, म्हणून अवाढव्य देहाचा फायदा होतो. आंतरराष्ट्रीय हौशी सुमोची रचना मात्र निराळी आहे. तिथे पुरुषांसाठी ८५ किलोपर्यंत, ११५ किलोपर्यंत आणि त्यावरील, तर महिलांसाठी ६५ किलोपर्यंत, ८० किलोपर्यंत आणि त्यावरील असे गट पूर्वीपासून आहेत, शिवाय वजनाची अट नसलेला एक खुला गट असतो, आणि अलीकडे या गटांमध्ये आणखी भर पडली आहे. आपण हे सांगून थांबला नाहीत. मुलीची उंची आणि वजन पाहून तिला ६५ किलोच्या आतच ठेवायचे, आहारात वरण, अंडी, मोड आलेली कडधान्ये वाढवायची आणि तुपाची बरणी पुन्हा फळीवर ठेवायची, असे सासूबाईंच्या समोर ठरवून गेलात. माझ्या तोंडून हे कोणी ऐकले नसते.

दुसरी अडचण, हा पोरींचा खेळ आहे का, या प्रश्नाची होती आणि त्यावर आपण काहीही झाकून ठेवले नाही, याचे मला विशेष वाटते. व्यावसायिक सुमोच्या रिंगणात आजही स्त्रीला पाऊल ठेवू देत नाहीत, हे आपण स्वतःहून सांगितलेत. २०१८ मध्ये जपानमधील माइझुरू येथे भाषण करताना रिंगणातच कोसळलेल्या महापौरांना वाचवायला धावलेल्या महिलांना बाहेर जाण्याची सूचना ध्वनिक्षेपकावरून देण्यात आली आणि नंतर तिथल्या संघटनेच्या प्रमुखांना माफी मागावी लागली, हा प्रसंगही आपणच बचत गटाच्या बैठकीत सांगितलात. तो ऐकून आमच्या बाया जितक्या चिडल्या, तितक्या त्या गावातल्या कोणत्याही गोष्टीवर चिडलेल्या मी पाहिल्या नाहीत. आणि मला वाटते, मुलींना परवानगी देण्याचा निर्णय अर्धा तरी त्या रागातून झाला. त्यानंतर आपण सांगितलेत, की हौशी सुमोची जागतिक स्पर्धा १९९२ मध्ये टोकियोला सुरू झाली, २००१ पासून महिलांचीही होऊ लागली आणि आज युक्रेन, पोलंड, मंगोलिया अशा देशांच्या मुली त्यात जपानच्या मुलींना घाम फोडतात. मुंबईच्या हेतल दवे २००९ मध्ये तैवानमधील काओशुंगच्या वर्ल्ड गेम्समध्ये भारताकडून उतरल्या होत्या आणि सुमोचे रिंगण हाताशी नसल्यामुळे मोकळ्या मैदानात सराव करत होत्या, हे ऐकल्यावर मैदान तर आपल्याकडेही आहे, असे सरपंचबाईच बोलून गेल्या.

रिंगण उभे करण्याचे ते दिवस लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. आखाड्यातली तेल-ताक पाजलेली भुसभुशीत माती या खेळाला चालत नाही, इथे जमीन ठोकून घट्ट केलेली लागते, हे आपण पहिल्याच दिवशी सांगितलेत. आमची कन्हार, म्हणजे काळी माती, वाळली की भेगाळते, म्हणून व्यायामशाळेमागच्या खळ्यावर वारुळाची माती टाकून, पाणी मारून, धुम्मसाने दिवसचे दिवस कुटून जमीन तयार केली. ४.५५ मीटर व्यासाचे वर्तुळ आपण खुंटी आणि दोरीने आखलेत. जपानमध्ये या वर्तुळाची कड धानाच्या तणसात माती भरून बांधलेल्या आणि निम्म्याहून अधिक जमिनीत पुरलेल्या गाठोड्यांची असते, हे कळल्यावर तर गावातल्या म्हाताऱ्यांनी कामच हातात घेतले, कारण झाडीपट्टीत दुसरे काही मिळो न मिळो, तणसाला तोटा नाही. त्यांतली चार गाठोडी वर्तुळाच्या रेषेपासून थोडी बाहेर सरकवून बसवायची, कारण खेळ उघड्यावर होत असे तेव्हा पावसाचे पाणी तिथून बाहेर काढत, हे आपण सांगितलेत, तेव्हा माझे सासरे म्हणाले, बांधीच्या धुऱ्याला आपण पाणी सोडायला फोड ठेवतो तसेच झाले. कडेच्या बाहेर बारीक रेती पसरायची, म्हणजे बाहेर पडलेल्या पायाचा ठसा उमटून वाद राहत नाही, हेही आम्ही केले. फक्त वैनगंगेच्या काठी राहूनही रेती आम्हाला विकतच आणावी लागली, पण तो विषय वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धा बऱ्याचदा मॅटवर होतात, तेव्हा मातीवरच विसंबू नका, असे सांगून आपण तालुक्याच्या शाळेतल्या जुन्या ज्युदोच्या गाद्याही मिळवून दिल्यात.

माझ्या मुलीला सर्वांत जड गेले ते अंगी मुरलेली कुस्ती बाजूला ठेवणे. तिचे वडील आमदंगलीत खेळलेले असल्याने पट काढणे, म्हणजे समोरच्याचे पाय धरून पाडणे, तिला लहानपणापासून येते. पट काढताना गुडघा मातीला टेकतो आणि कुस्तीत त्याचे काही बिघडत नाही, कारण पाठ लागेपर्यंत कुस्ती चालू असते. सुमोत तळपायाखेरीज शरीराचा कोणताही भाग जमिनीला लागला, हाताचे एक बोट टेकले तरी, किंवा पाय रिंगणाबाहेर पडला, तर लढत तिथेच संपते. सुरुवातीला ती समोरच्या मुलीला उचलून आपटायची आणि तरीही हरायची, कारण तिचा स्वतःचा गुडघा आधी टेकलेला असायचा. खडाखडी करून अंदाज घ्यायलाही इथे वेळ नसतो. दोघींच्या मुठी जमिनीला लागल्या की पहिल्या धडकेतच पुष्कळसे ठरते आणि बहुतेक लढती काही सेकंदांत आटोपतात. आपण तिला महिनोन्महिने एकही डाव करू दिला नाही. पाय आळीपाळीने उंच उचलून दणकन ठेवायचे, आणि गुडघ्यात वाकून तळपाय जमिनीवरून न उचलता सरपटवत पुढे जायचे, एवढेच चालले होते. तिचे वडील कुंपणाशी उभे राहून कुरकुरत असत. जपानच्या संघटनेच्या यादीत जिंकण्याचे ८२ डाव आहेत, मग ही नुसती चालायला काय शिकते, असे ते म्हणाले, तेव्हा आपण उत्तर दिलेत, की त्यांतले सर्वांत जास्त दिसणारे दोन म्हणजे योरिकिरी आणि ओशिदाशी; एकात कंबरपट्टा धरून रेटायचे आणि दुसऱ्यात हातांनी ढकलायचे; दोन्ही ज्याला चालता येते त्यालाच जमतात. त्यानंतर ते कुरकुरले नाहीत, उलट संध्याकाळी तेच मुलीसमोर छाती देऊन उभे राहू लागले. त्यांचा ढाक हा कुस्तीचा डाव तिने सुमोतही टिकवला आहे, ही त्यांची समजूत आपण मोडली नाहीत, याबद्दलही आभार.

कपड्यांचा प्रश्न आपण ज्या रीतीने सोडवलात, तो आजही बचत गटात हसत हसत सांगितला जातो. मावाशी, म्हणजे सुमोचा तो कंबरपट्टा, हा निव्वळ लंगोट आहे, अशी चर्चा पारावर सुरू झाली होती आणि एका घराने आपली मुलगी परत बोलावली होती. आपण बाजारातून जाड मांजरपाट आणून त्याची घडी शिवून घेतलीत, बैठकीत सर्वांसमोर आपल्या पंजाबी ड्रेसवरच ती मावाशी करकचून बांधलीत आणि दोन आजीबाईंना ती ओढून बघायला लावलीत. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मुली अंगभर घट्ट कपड्यांवर मावाशी बांधतात, पुरुषांनाही आत आखूड चड्डी घालण्याची मुभा असते. समोरच्याचा उभा पट्टा धरणे, केस ओढणे, मूठ आवळून मारणे, गळा दाबणे हे सारे नियमबाह्य आहे, असे आपण तिथेच स्पष्ट केलेत. परत बोलावलेली मुलगी पुढच्या रविवारी सरावाला आली होती.

आणखी एका गोष्टीसाठी आम्ही पालक आपले ऋणी आहोत. आपण आम्हाला कधीही स्वप्न विकले नाही. सुमो ऑलिंपिकमध्ये नाही, म्हणून प्रवास, निवास आणि प्रवेश शुल्काचा भार पुष्कळदा घरच्यांवरच पडतो, नोकरीची आशा धरून मुलींना यात उतरवू नका आणि दहावी-बारावीचा अभ्यास सरावासाठी सोडू देऊ नका, हे आपण पहिल्याच बैठकीत बजावलेत. असे बोलणारी माणसे खेळाच्या क्षेत्रात मला फार भेटली नाहीत. त्याच बैठकीत, २०२४ ची जागतिक स्पर्धा पोलंडमधल्या क्रोतोशिन नावाच्या लहानशा शहरात झाली, हेही आपण नकाशावर बोट ठेवून दाखवलेत, आणि मुली तो नकाशा बराच वेळ पाहत बसल्या होत्या.

निवड चाचणीत माझी मुलगी पहिली लढत जिंकली आणि दुसऱ्या लढतीत धडकेनंतर तोल जाऊन तिचा हात टेकला. भारताच्या संघात तिची निवड झाली नाही. गावात काहींना हे अपयश वाटते. तिला तसे वाटत नाही आणि मलाही वाटत नाही, कारण हात का टेकला हे ती परतीच्या गाडीत मला नीट समजावून सांगत होती.

आता कामाचे. हलक्या धानाची कापणी होत आली आहे आणि मळणी झाली की नवे तणस हाती येईल. पावसाळ्यात कडेची गाठोडी कुजली आहेत, ती सगळी बदलावी लागतील. शेजारच्या दोन गावांतल्या मुलींनीही विचारणा केली आहे. त्यांना आमच्याच रिंगणावर घ्यावे की त्यांच्या गावी वेगळे आखावे, याबद्दल आपले मत हवे आहे. माझ्या मुलीचे वजन हल्ली ६५ किलोच्या आतबाहेर होते आहे, तेव्हा तिला याच गटात राखायचे की वरच्या गटात जाऊ द्यायचे, हेही आपणच तिला पाहून ठरवावे. अंगणवाडीचा वजनकाटा तिच्या कामाचा नाही, म्हणून रेशन दुकानातला मोठा काटा रविवारी सकाळी वापरू देण्याचे दुकानदारांनी कबूल केले आहे. मळणी आटोपली की कळवते. आपल्या सोयीचा रविवार सांगावा, बसस्थानकावर न्यायला मुलीचे वडील येतील.

आपली नम्र,
एका खेळाडूची आई व अंगणवाडी सेविका,
जिल्हा भंडारा