कॉम्प्युटर विकू नका

ती. बाबा आणि आई यांना,
सा. न.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "दादा टीव्हीला लावायचा गेमचा डबा आणतोय, तेव्हा तो कॉम्प्युटर काढून टाकावा म्हणतो." मी काही बोलणार तेवढ्यात आईने फोन घेतला आणि विषय कुठल्या कुठे गेला. म्हणून हे पत्र. शिवाय बाबांना कागदावर असलेलंच पटतं, हे काय मला आज कळलेलं नाही.

तर पहिली गोष्ट, कॉम्प्युटर विकू नका. दुसरी गोष्ट, या पत्रावरून दादाशी वाद घालू नका. त्याच्याशी मी बोलते.

"जुना झाला, त्याच्यासाठी आता काही येत नाही," असं कुणीतरी बाबांच्या डोक्यात भरवलंय. त्यात खरं आहे ते एवढंच. त्याच्यावर विंडोज १० आहे आणि १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने त्याला नेहमीची सुरक्षेची अपडेट्स देणं थांबवलं. त्यामुळे बँकेची कामं त्याच्यावर करू नका, हे मीही सांगेन. पण मुदत संपली ती आतल्या विंडोजची, यंत्र धडधाकट आहे. मी आले की विंडोजच्या जागी त्याच्यावर लिनक्स नावाची दुसरी प्रणाली टाकून देते. त्याला पैसे पडत नाहीत, आणि विंडोजसाठी बनलेले कितीतरी गेम आता त्याच्यावरही चालतात. कन्सोलच्या, म्हणजे दादा आणतोय त्या गेमच्या डब्याच्या, बाबतीत हे होत नाही. त्याच्या कंपनीने पाठ फिरवली की दुसरं कुणी येऊन त्यात प्राण फुंकेल, अशी सोय बनवणाऱ्याने ठेवलेलीच नसते.

आता मुख्य मुद्दा. बाबा, तुम्ही म्हणता, "मी कुठे गेम खेळतो?" गेली कित्येक वर्षं तुम्ही रोज सॉलिटेअर खेळता आहात. "ते पत्ते आहेत, गेम नाही," हे तुमचं उत्तर मला पाठ आहे. पण १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आलेला हा खेळ मायक्रोसॉफ्टमधल्या वेस चेरी नावाच्या एका इंटर्नने लिहिला होता, त्याचे पत्ते सुझन केअरने काढले होते, आणि २०१९ मध्ये जागतिक व्हिडिओ गेम हॉल ऑफ फेममध्ये त्याला मानाने जागा मिळाली. तेव्हा तुम्ही आमच्यातलेच, आणि आमच्यापेक्षा ज्येष्ठ.

आणि आई, तुला आठवतं का, माझ्या दहावीच्या वर्षी तू कीबोर्ड काढून कपाटात चादरींच्या खाली ठेवला होतास? माउस मात्र तिथेच राहिला. सॉलिटेअरला कीबोर्ड लागतच नाही. तुम्ही दोघं बाहेर पडलात की मी आवाज बंद करून पत्ते लावत बसायचे. डाव सुटला की पत्ते एकेक करून उसळ्या मारत खाली पडायचे, मागे आपलीच रांग सोडत, आणि सगळा पडदा राजा-राण्यांनी भरून जायचा. ते बघायला मी किती वेळ घालवलाय हे आता सांगायला हरकत नाही, निकाल लागून गेलाय.

हे सगळं उगाळतेय त्याला कारण आहे. तेव्हा मी एका हाताने खेळले, आणि बाबांना आता नेमकं तेच हवं आहे.

बाबा, तुमचा उजवा अंगठा. डॉक्टरांनी सांध्याला विश्रांती द्या म्हणून सांगितलंय आणि दादा आणतोय काय, तर दोन अंगठ्यांनीच चालवायचं यंत्र! कंट्रोलर दोन्ही हातांत धरावा लागतो. दोन्ही अंगठ्यांखाली एकेक छोटी दांडी असते, सहसा डावी चालायला आणि उजवी इकडेतिकडे बघायला. उजव्या अंगठ्याने ती दांडी सोडून मधेच शेजारच्या चार बटणांपैकी एक दाबायचं, परत दांडीवर यायचं, आणि तोवर दोन्ही तर्जन्या वरच्या खटक्यांवर तयार ठेवायच्या. अर्ध्या तासाने माझे अंगठे भरून येतात, तुमचं काय होईल? माउसला मनगट आणि कोपर चालतं, अंगठा नुसता बाजूला टेकलेला. उजवा हात दुखला तर माउस डावीकडे घ्या, सेटिंगमध्ये दोन्ही बटणांची अदलाबदल होते. कीबोर्ड लागणारा गेम असेल तरी बहुतेक ठिकाणी कुठल्या कामाला कुठली कळ हे आपण ठरवतो. कन्सोलवरही अलीकडे बटणं बदलता येतात, काही गेमना तिथे माउसही चालतो, नाही असं नाही. पण ते गेम बनवणाऱ्याच्या मर्जीवर.

शिवाय तुम्हाला आवडणारे खेळ मुळात माउसच्याच हातचे आहेत. बुद्धिबळ घ्या. लिचेस नावाची जागा २०१० पासून आहे, सगळं फुकट आणि एकही जाहिरात नाही. समोर माणूस नको असेल तर मशीनशी खेळा, त्याच्या आठ पायऱ्या आहेत. पहिलीपासून सुरू करा. तिसरीला तुम्ही चिडाल असा माझा अंदाज आहे.

आईचं वेगळं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुला लांबचं छान दिसतं, पण टीव्हीवरच्या गेममधली अक्षरं लांबून माझ्यासारखीलाही वाचता येत नाहीत. ती इतकी बारीक का ठेवतात, देव जाणे. कॉम्प्युटरपुढे आपण हातभर अंतरावर बसतो. वर विंडोजची कळ दाबून धरून अधिकची (+) कळ दाबलीस की सगळा पडदा मोठा होतो, आणखी दाबलीस की आणखी मोठा. विंडोज आणि एस्केप दाबलं की पुन्हा होता तसा. आत्ता करून बघ, पत्र नंतर वाच. आणि तू सुडोकू सोडवतेस ना, मग माइनस्वीपर तुझाच खेळ. चौकटीत तीन लिहिलं असेल तर तिच्या भोवतीच्या आठ घरांत तीन सुरुंग आहेत, बस, एवढाच नियम. पुढचं सगळं तर्काने. (कधीकधी शेवटी दोन घरं उरतात आणि नुसता अंदाज करावा लागतो. तेव्हा मला दोष देऊ नकोस.)

आता एक जुनी गोष्ट, जी तुम्हाला मी कधी सांगितलेली नाही. कॉम्प्युटर "बिघडला" म्हणून बाबांनी एकदा मला दोन दिवस त्याला हात लावू दिला नव्हता, आठवतंय? तो बिघडला नव्हता. मी सिव्हिलायझेशनचा दुसरा भाग खेळायचे, १९९६ चा. एका लहान टोळीपासून सुरुवात करून राज्य वाढवायचं, एक चाल आपली, एक चाल इतरांची. त्याच्या फोल्डरमध्ये मला नियमांची एक साधी टेक्स्ट फाइल सापडली. नोटपॅडमध्ये उघडली तर आत सगळं राज्य ओळीओळीने मांडून ठेवलेलं. एका ओळीत एक सैनिक, त्याचं नाव, मग स्वल्पविराम, मग आकडे. सगळ्यात गरीब शिपायाचं आक्रमण १, बचाव १. मी एकाचे नऊ केले, फाइल सेव्ह केली आणि गेम सुरूच होईना. घामच फुटला. त्याच सुमारास बाबा आले आणि त्यांनी मुख्य बटण बंद केलं.

तिसऱ्या दिवशी कळलं की आकडा बदलताना माझ्या हातून एक स्वल्पविराम पुसला गेला होता. तो परत घातला, गेम चालू झाला, माझे शिपाई रथांना लोळवत सुटले. दहा चाली झाल्या नाहीत तोच शेजारच्या राजाचे शिपाई आले आणि त्यांनी माझं शहर घेतलं. नियमाची फाइल सगळ्यांसाठी एकच होती, त्यांच्याही शिपायांचा आकडा नऊ झाला होता! मी एकटीच बसून मोठमोठ्याने हसले होते.

आज मी पोटापाण्यासाठी हेच करते, दुसऱ्याच्या फाइलमधला पुसला गेलेला स्वल्पविराम शोधते. त्या काळी आपल्याकडे कन्सोल असता तर मी तोच गेम कदाचित जास्त चांगला खेळले असते, पण ती फाइल मला दिसली नसती. कन्सोलवरच्या गेमचं पोट शिवलेलं असतं. काहींत गेम बनवणाऱ्याने निवडून दिलेले चाहत्यांचे बदल घालता येतात, पण आपण आत शिरून उचकापाचक करायची म्हटलं तर दार बंद. कॉम्प्युटरवर या उचकापाचकीतून अख्खे खेळ जन्माला आलेत. काउंटर-स्ट्राइक हा १९९९ मध्ये दोन हौशी पोरांनी हाफ-लाइफ या दुसऱ्याच गेमवर केलेला बदल होता, पुढच्याच वर्षी मूळ कंपनीने तो स्वतःचा म्हणून काढला. दादाच्या ओमला गेम बनवायची हौस आहे असं वहिनी सांगत होती. मग तर मला पुढे लिहायलाच नको.

माळ्यावर दादाचा जुना कन्सोल आहे, पेटीत, सगळ्या डिस्कसकट. दादाला विचारा, त्यातली एक तरी डिस्क नव्या डब्यात चालेल का? नाही चालणार. आतलं सगळं यंत्रच त्यांनी बदललं. नव्या पिढ्यांमध्ये हे सुधारलंय हे खरं, पण भरवसा नाही. निन्टेंडोने २७ मार्च २०२३ ला आपल्या थ्रीडीएस आणि वी-यू या दोन यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. त्यांवर जे गेम फक्त तिथेच मिळायचे ते आता नव्याने घ्यायची सोयच उरली नाही. याउलट १९९३ चा डूम मी गेल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपवर खेळले. त्याचा सोर्स कोड, म्हणजे गेम ज्यातून बनतो तो मूळ मजकूर, १९९७ मध्येच सगळ्यांना खुला केला होता, त्यामुळे लोक तो नव्या यंत्रांवर बसवतच राहिलेत. विंडोजच्या आधीच्या, डॉसच्या काळातल्या खेळांसाठी डॉसबॉक्स म्हणून प्रोग्राम आहे, तोही फुकट.

पैशाचं बाबांना सांगायलाच हवं. दादा म्हणेल, कन्सोल स्वस्त पडतो. कॉम्प्युटरवरही त्याच्याइतकंच छान चित्र हवं असेल, तर त्या मानाने सुरुवातीला कन्सोल खरंच स्वस्त पडतो, आणि गेमची डिस्क खेळून झाल्यावर विकताही येते, कॉम्प्युटरवर घेतलेला गेम विकता येत नाही. हे दोन मुद्दे त्याचे. पण नंतर पैसे देऊन घेतलेले बहुतेक गेम दुसऱ्यांबरोबर ऑनलाइन खेळायचे तर प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या दोन्ही कन्सोलवर वेगळी वर्गणी भरावी लागते. कॉम्प्युटरवर सहसा नाही. आणि स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम नाही आवडला, तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. बाबांसारख्या चिकित्सक गिऱ्हाइकासाठीच हा नियम केलाय असं मला वाटतं.

दादाचं आणखी एक बरोबर आहे. कन्सोल लावला की चालतो. ड्रायव्हर, अपडेट, "हा गेम तुमच्या मशीनवर चालेल का" अशी कटकट नाही. माझ्याकडे मागच्या आठवड्यात अगदी मोक्याच्या क्षणी विंडोजने अपडेटचं घोडं पुढे दामटलं, मी काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

पण बाबा, गेल्या खेपेला आपण दोघांनी मिळून एसएसडी (ती वेगवान डिस्क) आणि जादा मेमरीची, म्हणजे रॅमची, पट्टी बसवली तो दिवस आठवा. तुम्ही बाजूचं झाकण काढलंत, आतली धूळ बघून "अरेरे" म्हणालात आणि स्क्रू एका डबीच्या झाकणात मोजून ठेवलेत. रॅमची पट्टी मी उलटी घालत होते. तिची खाच तुम्हालाच दिसली. मग दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन बसवली आणि टक् आवाज झाल्यावर तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेने बघितलंत ती पूर्वी रेडिओ दुरुस्त झाल्यावर असायची. कॉम्प्युटर चटकन सुरू झाला. पूर्वी तो सुरू होईपर्यंत तुमची अंघोळ उरकायची. बंद डब्यात हे सगळं कुठून करणार? काही कन्सोलमध्ये साठवणीची जागा वाढवता येते, तेवढंच.

ओमसाठी म्हणाल तर कंट्रोलर कॉम्प्युटरलाही लागतो आणि एचडीएमआयच्या वायरीने कॉम्प्युटर टीव्हीलाही लागतो. त्याला मोठ्या पडद्यावर पळापळीचे खेळ खेळू दे. त्यासाठी चित्र काढायचं काम करणारं ग्राफिक्स कार्ड घालावं लागेल. कार्डाला वीज पुरेल का ते कळायला आधी पॉवर सप्लाय, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, बघायला हवा. बाजूचं झाकण काढा, आत मागच्या वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यात पंखा असलेला लोखंडी डबा दिसेल, त्यावरच्या चिठ्ठीवर वॉट लिहिलेले असतात. तो आकडा मला फोनवर सांगा. आधी प्लग काढा. डबा स्वतः उघडायचा नाही, नुसतं वाचायचं. आणि आकडा बाबांनी वाचावा, आईने भिंग धरावं.

ते चार जादा स्क्रू अजून त्या झाकणातच असतील. टाकू नका, लागणार आहेत.

तुमची
धाकटी

ता. क. आई, आता तरी खरं सांग. तू माउस विसरली होतीस की मुद्दाम ठेवला होतास?