तपासून दिलेला ग्लायडर, उलटं चिकटवलेलं मॅग्नेट आणि तुमचा आजचा फोन

सर्व्हिस मॅनेजर यांना,

पंधरा मिनिटांपूर्वी तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसलोय. सातवा फोन होता. तक्रार टाकून २३ दिवस झाले. तुमच्याच साईटवर 'तपासून दिलेले' म्हणून जो सेक्शन आहे त्यातनं २ मीटर पंखांचा, रिमोटवर उडवायचा सेकंड हॅण्ड इलेक्ट्रिक ग्लायडर घेतला, १४,५०० रुपये आधी भरले, बॉक्सवर हिरवा स्टिकर होता, तपासणी पूर्ण, खाली कुणाचीतरी सही. त्या सहीवर विश्वास ठेवून घेतला मी. तीन महिन्यांची वॉरंटी तुम्हीच लिहून दिलीय.

तक्रारीत प्रॉब्लेम दोनच होते आणि दोन्ही दुरुस्तीला किरकोळ. कॅनोपी, म्हणजे नाकावरचं झाकण, मागच्या बाजूला डावीकडं बसत नव्हती, २ मिलिमीटर उचललेली राहायची, आणि ग्लायडर थोडा लांब गेला की रेडिओ मधेच तुटायचा. एवढंच. एका शहाण्या माणसानं फोनवर दहा मिनिटं नीट बोललं असतं तरी मिटलं असतं.

आज काय झालं ते सगळं लिहितो, कारण तुमच्याकडं कॉल रेकॉर्ड होतो असं टेप सांगतो, तर काढून ऐका. आधी मराठीचा ऑप्शन दाबला तर आवाज आला की तुमच्या पिनकोडसाठी ही भाषा नाही. ठीक आहे, बेळगाव कर्नाटकात आहे, मला कन्नड येतं, उद्यमबागेत माझ्या शेडमधले निम्मे कामगार कन्नडच बोलतात, त्याचं काही नाही. पण कन्नड दाबल्यावर वीस मिनिटं म्युझिक लावून शेवटी हिंदी बोलणारा माणूस दिला. त्याला म्हटलं कॅनोपी बसत नाही. तो म्हणाला, सर, कॅनोपी कॉस्मेटिक पार्ट आहे, वॉरंटीत येत नाही. म्हटलं कॉस्मेटिक म्हणजे काय? म्हणाला, सर, दिसायला असते, शोभेची, तुम्ही टेप लावा. म्हटलं अहो तिच्या खाली बॅटरी आहे. तर म्हणाला, बॅटरीला पण टेप लावा. बरं म्हटलं, रेडिओचं काय? तर तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, सर, आमच्या प्रॉडक्टमध्ये एफएम येत नाही.

एफएम! मी परत सांगितलं, गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे, रिसीव्हर, २.४ गिगाहर्ट्झचा, ज्याच्यावर अख्खं विमान चालतं. त्यावर तो म्हणाला, सर, मुलांची खेळणी लांब नेऊ नका, घरासमोर उडवा. आणि मी पुढं बोलायच्या आत, आणखी काही मदत हवी का असं विचारून रेटिंग द्यायला सांगून फोन ठेवला. मी ५० वर्षांचा माणूस आहे, २६ वर्षं लेथ आणि मिलिंगवर काढलीत, मला कुणी असं बोललेलं नाही. त्या पोराचा दोष नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नाही, पण तुम्हाला तर माहीत आहे ना तुम्ही काय विकता ते?

कॅनोपी शोभेची नाही हे तुम्हाला मी सांगायची पाळी यावी याचंच वाईट वाटतं. तीन सेलची २२०० ची बॅटरी नाकात बसते, तिचं वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास, आणि त्या वजनावरच ग्लायडरचा तोल आहे. कॅनोपीच्या गोल पाठीवरनं हवा जोरात गेली की वरचा दाब कमी होतो आणि कॅनोपी वर ओढली जाते, त्यात एका बाजूनं फट असली तर आतनं पण हवा ढकलते. कॅनोपी उडाली की बॅटरी सरकली, बॅटरी सरकली की शेपूट जड, मग रिमोटची स्टिक कितीही हलवा, ते विमान तुमचं राहिलं नाही. आम्ही उडवतो येळ्ळूरच्या राजहंसगडावर. सांबऱ्याचं विमानतळ दुसऱ्या अंगाला आहे म्हणून मुद्दाम इकडं येतो. पश्चिमेचा वारा उतारावर आदळून वर चढतो, मोटर बंद करून नुसतं त्या वाऱ्यावर तरंगता येतं, ते एकदा बघितलेल्या माणसाला खेळणं हा शब्द तोंडातनं काढायचं धाडस होणार नाही. आणि खाली भाताची शेतं. आता लावणीला बायका वाकून उभ्या असतात. पावणेदोनशे ग्रॅमची बॅटरी वरनं कुणाच्या डोक्यात पडली असती तर तुमचा माणूस टेप लावा म्हणाला असता काय?

तुम्ही काही करत नाही म्हटल्यावर मागच्या रविवारी मीच उघडलं. कॅनोपी धरायला मागं दोन मॅग्नेट आहेत, उजवं धरतंय आणि डावं ढकलतंय. सुटं मॅग्नेट घेऊन जवळ नेलं तर सरळ दिसलं, डावं उलटं चिकटवलंय. पोल उलटा. त्याच्यावर ताजा ग्लू, म्हणजे जुन्या मालकाचं काम नव्हे, तुमच्या तपासणीत कुणीतरी नवीन बसवलंय आणि एकदा पण कॅनोपी लावून बघितली नाही. लावली असती तर पाच सेकंदात कळलं असतं, हाताला ढकलल्याचं जाणवतं. ग्लू पण इन्स्टंटवाला, त्याच्या वाफेनं कॅनोपीच्या पारदर्शक भागावर आतनं पांढरा धुरळा बसलाय तो आता पुसून जात नाही. माझ्या शेडमध्ये हेल्परनं असा जॉब पास केला तर मी त्याला परत उभा करतो मशीनवर.

मग रेडिओ. रिसीव्हरला दोन अँटेना. २.४ गिगाहर्ट्झला टोकाची उघडी तार ३१ मिलिमीटर पाहिजे, पाव वेव्हलेंथ, ही काही गुप्त माहिती नाही. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावला. एक ३१, दुसरी १८. कुणीतरी कापलीय. आणि दोन्ही अँटेना एकमेकींना काटकोनात ठेवायच्या सोडून दोन्ही एकाच बाजूला कार्बनच्या नळीला समांतर टेपनं चिकटवलेल्या. फोममधनं सिग्नल जातो, कार्बन अडवतो, म्हणून ग्लायडर वळून नळी मधे आली की सिग्नल गेला. तुमच्या तिसऱ्या फोनवरची बाई म्हणाली होती मोबाईल टॉवरमुळं होतंय. मी त्या टॉवरचं ऐकून दोन रविवार जागा बदलून बघितली. रेंज टेस्ट मोडमध्ये, म्हणजे सिग्नल मुद्दाम कमी करून, तुमच्याच मॅन्युअलप्रमाणं ३० पावलांवर सगळं चाललं पाहिजे, माझं ११ पावलांवर बंद पडलं. हे ११ पावलांचं मी तुम्हाला दुसऱ्या ईमेलमध्ये लिहिलं होतं, व्हिडिओ जोडला होता, कुणी उघडला नाही.

आणि आता जे लिहितोय त्यासाठी खरं तर हे पत्र आहे, बाकीचं मी सोडून दिलं असतं. माझी मुलगी दहावीत आहे. हा ग्लायडर तिच्यासाठी घेतला, निम्मे पैसे तिचे साठवलेले. पहिल्या दिवशी तिनं टेबलवर ठेवून चुकून ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, आधी बंद केला आणि प्रोपेलर अर्ध्या जोरावर फिरायला लागला, तिचा हात नाकापाशीच होता. पप्पा म्हणून ओरडली ते अजून कानात आहे. बोटं वाचली, नख तेवढं फाटलं. बॅटरी आधी काढायची हे मी तिला शिकवायला पाहिजे होतं, ते माझं. पण सिग्नल गेला की मोटर बंद झाली पाहिजे, त्यालाच फेलसेफ म्हणतात, आणि हे रिसीव्हर बाइंड करताना, म्हणजे ट्रान्समीटरशी जोडताना, स्टिक जिथं असेल तीच पोझिशन लक्षात ठेवतं. म्हणजे तुमच्याकडं कुणीतरी थ्रॉटल, म्हणजे मोटरची स्टिक, अर्धा वर ठेवून बाइंड केलं आणि हिरवा स्टिकर लावला. सही केली. तपासणी पूर्ण.

आणि सर्व्हिस सेंटर. कोल्हापुरात तुमचं सेंटर आहे, बेळगावहून ११० किलोमीटर, निपाणीमार्गे, सकाळी निघालं तर दुपारी परत. पण तुमची सिस्टिम म्हणते ग्राहक कर्नाटकचा, बंगळूरला पाठवा. ५०० किलोमीटर. कुरिअरवाला लिपो बॅटरी घेत नाही, २ मीटरचा पंख घेतला तर वाकवून देणार. आमच्या भागातल्या माणसाला बाजार, दवाखाना, लग्नं, सगळं कोल्हापूर जवळ. हद्द नकाशावर आहे, तुमच्या गोडाऊनच्या दारात कशाला आणता? मी स्वतः घेऊन येतो म्हटलं, स्वतःच्या गाडीनं, तरी नाही म्हणाले. बॉक्सवर तपासणी पूर्ण लिहिणाऱ्या कंपनीला ११० किलोमीटरवर आणून दिलेलं विमान बघायला जमत नाही.

काम मी केलंय. उलटं मॅग्नेट काढून त्याजागी दुसरं, पोल बघून, इपॉक्सीनं बसवलं, रिसीव्हर नवीन घातला, एक अँटेना पंखात आडवी आणि एक उभी सोडली, थ्रॉटल खाली ठेवून बाइंड केलं, प्रोपेलर काढून चार वेळा ट्रान्समीटर बंद करून बघितला. ३० पावलांवर सगळं चालतंय. रिसीव्हरला २,१०० गेले. मॅग्नेटचा आणि इपॉक्सीचा खर्च मी मागत नाही.

मला पाहिजे ते असं. रिसीव्हरचे २,१०० परत. नवीन कॅनोपी, कारण ही आतनं पांढरी झालीय आणि ती तुम्ही केलीय. आणि ज्यांना ज्यांना तुम्ही या सेक्शनमधनं ग्लायडर विकलाय त्यांना फोन करून फेलसेफ तपासायला सांगा, हे सगळ्यात आधी, माझ्या पैशाच्या आधी. सगळ्यांच्या घरात व्हर्नियर नसतो, पण लहान पोरं असतात.

१५ दिवस थांबतो. मग ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार आणि बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस. २०१९ च्या कायद्यानं मी राहतो तिथंच दाखल करता येते, त्यासाठी मला बंगळूरला यावं लागत नाही. तुमचं पहिलं विमान मी २०१४ ला घेतलं होतं, अजून चालतंय, त्यामुळं हे लिहिताना हात जड होतोय, पण लिहिणार.

जुना रिसीव्हर, कापलेली अँटेना तशीच, आणि ते मॅग्नेट त्याच्यावरच्या ग्लूसकट पिशवीत घालून ठेवलंय. हिरवा स्टिकर पण सोलून त्यातच ठेवलाय. माणूस पाठवा, दाखवतो.

एक ग्राहक
उद्यमबाग, बेळगाव