फ्रेमवाले काका, आता तरी ऐकून घ्या

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही फडकं घेऊन काच पुसायला लागता आणि “चहा सांगू का?” म्हणून विषय बदलता. म्हणून, मला चित्रांच्या प्रदर्शनांची वाट दाखवलीत त्याबद्दल हे जाहीर पत्र. तुमचा भाचा मोबाइलवर वाचून दाखवेल, तुम्ही “काय हा वेडेपणा” म्हणाल. खुशाल म्हणा. आपल्या बडोद्यात, दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, प्रतापगंजात माझ्यासारख्या नोकरी-घर सांभाळणाऱ्या पुष्कळ बायका आहेत. त्यांच्या कानावर हे जायला हवं.

वाचणाऱ्यांसाठी थोडी ओळख. काकांचं रावपुऱ्यात फ्रेमचं दुकान आहे आणि त्यांचे हिशेब मी बघते. 4414 म्हणजे चित्रांच्या लाकडी चौकटी, हा जीएसटीचा कोड मला झोपेत विचारला तरी सांगेन. त्या चौकटींच्या आत काय जातं, याच्याशी मात्र माझा काही संबंध नव्हता. दुकान काकांच्या वडिलांपासूनचं, तेव्हा ते तसबिरींचं होतं: दत्त, अंबामाता, सयाजीराव महाराज, कुणाचे वारलेले आजोबा. 1950 मध्ये इथल्या सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्स, म्हणजे चित्र-शिल्पकलेचं कॉलेज, सुरू झालं, इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांच्यासारखे मास्तर शिकवायला आले, आणि पुढे कधीतरी तिथली पोरं उधारीवर चौकटी न्यायला या दुकानात यायला लागली. काकांच्या जुन्या वह्यांत ती उधारी अजून आहे. यातली काही नावं पुढे फार मोठी झाली, असं काका सांगतात, पण कोणती ते सांगत नाहीत. “उधारी आणि आजार चारचौघांत बोलू नये.”

आता आपल्या बडोदेकर मराठी घरांचं सांगते, कारण काकांनी काय केलं ते त्याशिवाय कळणार नाही. आपल्याला कलेचा अभिमान आहे, पण जुन्या. पाहुणे आले की तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं दाखवायची, कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांनी रंगवलेलं गंगावतरण आणि कुरुक्षेत्र दाखवायचं, फतेहसिंह म्युझियममध्ये रविवर्मा. सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये तर आपण ममी आणि देवमाशाचा सांगाडा बघायला जातो, चित्रांच्या दालनातून पोरं पळतच बाहेर पडतात. पण मागच्या महिन्यात, आपल्याच गावात, आपल्याच कुणा शेजाऱ्याने काय रंगवलं? ते “फाइन आर्ट्सवाल्यांचं”. त्यातून 2007 सालचं प्रकरण. फाइन आर्ट्समध्ये परीक्षेच्या डिस्प्लेमधल्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामांच्या प्रदर्शनातल्या, चित्रांवरून गोंधळ झाला, एका विद्यार्थ्याला अटक झाली, डीनना निलंबित केलं. आमच्या घरी तेव्हा एवढंच ठरलं की त्या बाजूला फिरकायचं नाही. पुष्पबागेच्या, म्हणजे फाइन आर्ट्सच्या आवाराच्या, कुंपणावरून मी रोज स्कूटर नेत होते आणि आत काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं.

तर एकदा बिलं लावताना मी विचारलं, एवढ्या चौकटी शुक्रवारपर्यंतच का हव्यात? काका म्हणाले, “प्रदर्शनाचं ओपनिंग आहे. चल.”

“पास?”

“पास गरब्याला लागतो गं. इथे नुसतं आत शिरायचं.”

काका, खरी मदत तुम्ही केलीत ती इथे नव्हे, त्याच संध्याकाळी आमच्या घरी येऊन केलीत. ओट्यावर बसून सासूबाईंना म्हणालात, “वहिनी, हिला घेऊन जातो, साडेनऊच्या आत परत.” सासूबाईंनी विचारलं, तिथे पितात का? तुम्ही म्हणालात, पितात ना, चहा. त्यावर त्या हसल्या आणि माझा प्रश्न सुटला. मी कमावती बाई, मला परवानगी कशाला लागते, असं कुणी म्हणेल. म्हणोत. ज्या घरात रात्रीची एकटी बाहेर पडण्याची सवय फक्त नवरात्रापुरती असते, तिथे कुणीतरी वडीलधाऱ्याने ओट्यावर बसून दोन वाक्यं बोलावी लागतात. ती तुम्ही बोललात.

चहाचं मात्र खरंच. इतर शहरांत म्हणे ओपनिंगला हातात वाइनचा ग्लास असतो. गुजरात 1960 मध्ये वेगळं राज्य झालं ते दारूबंदीसकट, त्यामुळे आपल्याकडे कागदी कप आणि बिस्किट. आणि यातली गंमत तुम्हीच मला गोरव्याला दाखवलीत. अलेम्बिक या औषध कंपनीच्या जुन्या शेडमध्ये आता कलाकारांचे स्टुडिओ आहेत, तिथे आपण गेलो होतो. उंच छत, विटांच्या भिंती, मोठाल्या चित्रांना लागतो तसा उजेड. 1907 साली सुरू झालेली ही कंपनी, आणि सुरुवातीला तिथे काय बनायचं? टिंक्चर आणि अल्कोहोल. “औषधाचं हं,” असं तुम्ही घाईघाईने सांगितलंत, जणू सासूबाई मागेच उभ्या होत्या.

तुम्ही मला चित्रकलेबद्दल काही शिकवलं नाहीत, आणि तेच बरं झालं. तुम्ही फ्रेमवाल्याचं बघणं शिकवलंत. ओपनिंगला माणसं बघायची, चित्रं बघायला मधल्या वारी दुपारी परत यायचं. भिंतीवरचा मजकूर आधी वाचायचा नाही, एक फेरी नुसती मारायची. पाटीवर लाल टिकली म्हणजे विकलं गेलं. किमतीची यादी टेबलावर असते, मागायला लाजायचं नाही, मागितली म्हणून कुणी गळ्यात मारत नाही. आणि उंची. आपल्या घरात तसबीर दाराच्या वर, पुढे झुकलेली, म्हणजे देव आणि पूर्वज वरून आपल्याकडे बघणार. गॅलरीत चित्राचा मध्य जमिनीपासून जवळजवळ पाच फुटांवर ठेवतात, उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर. तुम्ही हे पट्टीने मोजून दाखवलंत, आणि तेव्हापासून आमच्या बैठकीच्या खोलीतले सासरे मला फारच उंचावर वाटतात. (उतरवायची हिंमत अजून झालेली नाही.)

छापचित्रांचं तर तुम्ही वेडच लावलंत. एचिंग म्हणजे काय हे मला कळलं ते फाइन आर्ट्समध्ये ग्राफिक्सच्या, म्हणजे छापचित्रांच्या, वर्गात, वार्षिक डिस्प्लेच्या वेळी. जस्ताच्या पत्र्यावर लेप द्यायचा, सुईने रेघ ओढून तेवढा पत्रा उघडा करायचा, मग आम्लात बुडवायचा. जिथे उघडा तिथे खाल्ला जातो. त्या खाचेत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि ओलसर कागद ठेवून प्रेसखालून काढायचा. तिथल्या एका पोरीने प्रेसचं चाक फिरवून दाखवलं तेव्हा तुम्ही मागे उभे राहून कागदाची कड बघत होतात. पत्र्याच्या दाबाने कागदावर चौकोनी खळगा उमटतो, तो माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या कडेखाली, झाकणारा फ्रेमवाला म्हणजे तुमच्या मते गुन्हेगार. डाव्या कोपऱ्यात पेन्सिलने 3/10 लिहिलेलं असतं, म्हणजे दहा छापांतला तिसरा. उजवीकडे सही. तेही झाकायचं नाही. काच कागदाला टेकता कामा नये, नाहीतर पावसाळ्यात दमट होऊन चिकटते. स्वस्त पुठ्ठ्याचं माउंट लावलं तर काही वर्षांनी कडेने तपकिरी रेघ उमटते, आणि ती जात नाही. तुमचं “आर्काइव्हल माउंट” या नावाखालचं खरेदीचं बिल एवढं जास्त का, असा शेरा मी एकदा मारला होता. तो शेरा मी मनातल्या मनात खोडलाय.

दुकानाच्या माळ्यावर तुम्ही जपून ठेवलेले कॅटलॉग हे माझं वाचनालय झालं. त्यातच चित्रकार भूपेन खख्खर भेटले. हा माणूस चार्टर्ड अकाउंटंट! 1962 मध्ये बडोद्याला आला, दिवसा हिशेब केले आणि चित्रं काढली. सत्तरच्या दशकात त्याने घड्याळं दुरुस्त करणारा, शिंपी, न्हावी यांची चित्रं काढली, म्हणजे आपल्या रावपुऱ्यासारख्याच रस्त्यावरची माणसं. पुढे 2016 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. तुम्ही तेव्हा बोट ठेवून म्हणालात, “बघ, तुझ्या लाइनचा माणूस.” मी काही चित्रं काढणार नाही, काका, माझी रांगोळीसुद्धा वाकडी येते. पण ताळेबंद करणाऱ्या माणसाला रंगांच्या जगात पाय ठेवायला कुणी अडवत नाही, हे त्या पानावर मला पटलं. आणि चित्रकार नसरीन मोहम्मदी. 1972 पासून 1990 मध्ये वारेपर्यंत त्या इथे फाइन आर्ट्समध्ये शिकवत होत्या. नुसत्या रेघा, पेनने आणि पट्टीने ओढलेल्या, कुठे दाट, कुठे विरळ. मी आयुष्यभर आखीव कागदावर काम केलंय, पण रेघेकडे बघितलं ते त्यांच्यामुळे.

माझी पुण्याची मावसबहीण म्हणते, बडोद्यात कसली आलीय नाईटलाइफ. तिला मी आता यादी ऐकवते. साडेसहाला ओपनिंग, आठला फतेहगंजच्या टपरीवर चहा, तिथे मुलं स्टुडिओच्या भाड्यावरून आणि काचेच्या भावावरून रडतात, मग कुणाला भूक लागते, मग सेव-उसळ. उसळ आपली, वरची सेव आणि तिखट तर्री बडोद्याची, आणि पाव कितीही मागा. उशीर झाला तर कारेलीबागेतला रात्री बाजार. येताना सूरसागर तलावाला एक फेरी, मधोमध तो उंच सोनेरी महादेव दिव्यांत उभा असतो. एवढ्यात साडेनऊ कधीच वाजून गेलेले असतात. हल्ली सासूबाई वेळ विचारत नाहीत, “सेव-उसळ आणलीस का?” एवढंच विचारतात.

नवरात्राचं वेगळं लिहायला नको. तेव्हा अख्खं गाव रात्रभर जागं, मैदानांवर हजारोंची वर्तुळं फिरत असतात. पण फाइन आर्ट्सचा गरबा तुमच्यामुळे पहिल्यांदा बघितला. तिथे मुलं स्वतः गातात, जुने गरबे, आणि केस पांढरे झालेले माजी विद्यार्थी लांबून येऊन त्यांच्यात मिसळतात. तुम्ही एका कट्ट्यावर बसून टाळ्यांचा ठेका धरला होतात. पायाने नाचता येत नाही म्हणालात, पण खोटं बोललात, एक फेरी मी पाहिली.

सगळंच गोड आहे असं नाही. भिंतींवरचा मजकूर बहुतेक वेळा असल्या इंग्रजीत असतो की लिहिणाऱ्यालाही दुसऱ्यांदा वाचावा लागेल. गुजराती क्वचित, मराठी कधीच नाही, आणि गाव कोणाचं! एका ठिकाणी टेबलावरच्या मुलीने मला वरपासून खालपर्यंत बघून “आपण कुणाबरोबर आलात?” असं विचारलं. तुम्ही मागून शांतपणे म्हणालात, “मी त्यांच्याबरोबर आलोय.” आणि काही कामं मला आजही थोतांड वाटतात. कोपऱ्यात टाकलेल्या त्या विटा, काका, त्या खरंच कुणीतरी उचलायला विसरलं होतं की काय? तुम्ही तेव्हाही उत्तर दिलं नाहीत, खिळा सरळ आहे का ते बघत बसलात.

तरी तुमच्यामुळे मी आता कुणाकुणाला घेऊन जाते. ऑफिसातल्या दोघी आल्या. शेजारच्या जोशीकाकू आल्या, एका नग्नचित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “गुडघे छान काढलेत.” गेल्या डिस्प्लेला सासूबाईही आल्या, शिल्पविभागाच्या अंगणात दगडावर हात फिरवून “हा पाट्याला बरा आहे” म्हणाल्या, आणि ज्याचा दगड होता तो मुलगा मनापासून हसला. आत शिरताना त्यांना मी तुमचंच वाक्य ऐकवते, पास गरब्याला लागतो.

आता कामाचं. डिस्प्लेत त्या ग्राफिक्सच्या पोरीकडून एक छोटं एचिंग घेतलंय, 4/8 आहे. सोमवारी दुकानात आणते. खळगा दिसला पाहिजे, पेन्सिलचं दिसलं पाहिजे, काच टेकता कामा नये, हे तुम्हाला मी सांगतेय! चौकटीची पट्टी साधी सागाची, बारीक. आणि बिल पक्कं फाडायचं, माझ्या नावाने. “राहू दे गं” चालणार नाही, फुकट दिलेली चौकट मला स्टॉकमध्ये कुठेच दाखवता येत नाही.

आपली,
दांडिया बाजारातली हिशेबवाली