ब्रेसमधला सेन्सर आणि परभणीचा उन्हाळा

पाठीच्या कण्याचा बाक रोखणाऱ्या ब्रेसमध्ये (धडाभोवती बांधायच्या ताठ पट्ट्यात) तो किती तास घातला हे मोजणारा सेन्सर बसवण्याविषयीचा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. कल्पना पटली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासात रोज सरासरी १३ तास किंवा अधिक ब्रेस घालणाऱ्या सुमारे ९० टक्के मुलांत बाक शस्त्रक्रियेच्या पातळीपर्यंत गेला नाही. हे तास मोजले ते तापमान नोंदवणाऱ्या सेन्सरनेच. इथेच आमची अडचण आहे. परभणीत मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीत खुंटीला टांगलेला ब्रेसही अंगाइतका तापणार. मग तो घातला होता की नव्हता, हे ओळखायचे कसे? मराठवाड्यात जोडीला दाब मोजणारा सेन्सर हवाच. आणि घामोळ्यांनी बेजार मुलीला (नेहमीप्रमाणे तिच्या आईलाही) दटावण्याआधी डॉक्टरांनी पट्ट्याखालची कातडी पाहावी.

– एक वाचक, परभणी