त्या दोन वैमानिकांचे मनापासून आभार

परवा मुसळधार पावसात आमचं विमान धावपट्टीच्या अगदी जवळ आलं आणि एकदम पुन्हा वर झेपावलं. आईने माझा हात घट्ट धरला. थोड्या वेळाने कॅप्टनचा शांत आवाज आला: धावपट्टी दिसली नाही, पर्यायी विमानतळावर उतरतोय, इंधन पुरेसं आहे. तिथे विमान अलगद टेकलं.

उशीर झाला म्हणून काहीजण चिडलेच. तेवढ्यात सहवैमानिक बाहेर आल्या आणि आईच्या सीटजवळ गुडघ्यांवर बसल्या. “काकू, घाबरलात ना?” ठरलेल्या उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही तर वर जायचं, हा नियमच असतो, असं त्यांनी समजावलं. पर्यायी विमानतळ गाठून वर 30 मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं इंधन निघतानाच हिशेबात धरतात म्हणे. आईचे हात थरथरत होते, ते पाहून त्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून दिलं. हवामानाचे नवे अहवाल, इंधन, परतीची परवानगी, सगळं डोक्यावर असताना! मला याचंच फार अप्रूप वाटलं.

तुमची नावं आम्हाला माहीत नाहीत. घाई न करता माघारी वळणाऱ्या कॅप्टनसाहेबांचे आणि आईला धीर देणाऱ्या ताईंचे, आम्हा दोघांकडून खूप खूप आभार.